खिंड चढताना पिकअप पुन्हा पुन्हा दम टाकते: कारण कसं शोधायचं

तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच असते. मनालीपर्यंत गाडी झकास आली. बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) चढताना जरा जड वाटली, पण चढली. लाचुंग लाच्या चढात इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी गाडी वीसच्या पुढे जाईना. बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली, गाडी परत नीट पळाली. तांगलांग लावर पुन्हा तेच. लेहमध्ये मेकॅनिकने स्कॅनर लावून दोषाचा कोड पुसला आणि "उंचीमुळे होतं, गाडीत काही नाही" असं सांगितलं. दोन दिवसांनी पँगाँगला निघाल्यावर चांग लाच्या अर्ध्या चढातच गाडी बसली.

व्ही-क्रॉस असो, हायलक्स असो की बोलेरो कॅम्पर, महाराष्ट्रातून लडाखला पिकअप नेणाऱ्यांकडून दर उन्हाळ्यात हे ऐकायला मिळतं. एकदाच झालं तर सोडून देता येतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर त्यामागे कारण असतं आणि बहुतेक वेळा ते वर्कशॉपशिवाय सापडतं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. बॉनेट उघडण्याआधी उंची लिहा. दिवा कितीवर लागला, ताकद कितीवर परत आली आणि पुढच्या खिंडीत तो दिवा आधीपेक्षा खाली लागला की तेवढ्याच उंचीवर. कोड पुसला की दिवा जातो, पण ही नोंद हातात असली तर कारण जात नाही.

उंची फोनच्या जीपीएसवरून घ्या, फलकावरून नको. खारदुंग लावरचा फलक वर्षानुवर्षं १८,३८० फूट सांगत आला. जीपीएसने मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट आहे. आपल्या कामाला आठशे फुटांचा फरक चालत नाही.

उंचीचा दोष किती?

आपल्याकडे गाडी नेऊन नेऊन न्यायची ती महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८५ टक्के असतो. म्हणून वरंध, माळशेज, कसारा कितीही वेळा चढले तरी ही अडचण दिसतच नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे दाब ६५ टक्क्यांवर येतो. तांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे, तिथे जेमतेम ५३ टक्के. इंजिनाच्या वाट्याला येणारी हवा जवळजवळ निम्मी झालेली असते.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, ही तूट भरून काढतो, पण पूर्ण नाही. तेवढाच दाब तयार करायला त्याला खालच्यापेक्षा जास्त वेगाने फिरावं लागतं आणि त्या वेगाला मर्यादा असते. ती जवळ आली की गाडीचा संगणक इंजेक्शन कमी करतो, म्हणजे टर्बो अति वेगाने फिरत नाही, धूर वाढत नाही आणि एक्झॉस्ट जास्त तापत नाही. ही झाली नैसर्गिक घट. तिची ओळख अशी की ती हळूहळू येते, दिवा लावत नाही आणि उतरताना तितक्याच हळूहळू निघून जाते. दुसरी खूण आरपीएमची. साधारण १,८०० च्या खाली इंजिन अगदी मेल्यासारखं वाटतं आणि वर गेलं की जिवंत होतं, कारण कमी आरपीएमवर टर्बो फिरवायला पुरेसा एक्झॉस्टच नसतो.

दिवा लागून गाडी एका क्षणात बसते, तेव्हा मात्र संगणकाने लिम्प मोड लावलेला असतो, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कापलेली असते. त्याला कुठल्या तरी सेन्सरकडून न पटणारा आकडा मिळालेला असतो. इथे उंचीमुळे फक्त दडलेला दोष उघडा पडतो. मेकॅनिकचं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे: उंचीमुळे दिसलं हे बरोबर, गाडीत काही नाही हे बरोबर नाही.

आता नोंदी वाचू या

दिवा दर वेळी साधारण एकाच उंचीवर लागत असेल, समजा ४,७०० मीटरच्या आसपास, तर हवेच्या वाटेवर संशय घ्या. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा टर्बो आणि इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात कुठे तरी गळती असेल. खाली टर्बो थोडं जास्त फिरून ती गळती झाकतो. वर त्याच्याकडे शिल्लक उरत नाही, म्हणून ठरावीक उंचीवर तोल जातो.

लागण्याची उंची प्रत्येक खिंडीगणिक खाली येत असेल, म्हणजे पहिल्यांदा ५,००० वर, मग ४,७०० वर आणि नंतर लेहच्या बाहेर पडता पडता, तर काही तरी भरत चाललं आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ पिकअपमध्ये ते बहुतेक वेळा डीपीएफ असतं, एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर. वर लिहिलेल्या तक्रारीतली गाडी याच जातीची आहे.

उंचीचा काही संबंधच दिसत नसेल, लांब चढात दोन-तीन मिनिटं जोर लावल्यावर गाडी बसत असेल आणि सकाळी गारठ्यात जास्त त्रास देत असेल, तर डिझेलच्या वाटेकडे वळा.

सोबत एक साधा ओबीडी डोंगल ठेवा, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र. कोडवरून हाच तर्क तपासून घेता येतो. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडला, पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साठली, पी००८७ म्हणजे फ्युएल रेलमध्ये डिझेलचा दाब पडला. पुसण्याआधी कोडचा फोटो काढा आणि उंचीच्या नोंदीशेजारी ठेवा. डोंगलचं ॲप आणि गाडीचं मॅन्युअल घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही आणि पोस्टपेडलाही केलाँग ते उपशीच्या टप्प्यात रेंजचा भरवसा नाही.

डोंगल असेल तर आणखी एक तपासणी फुकटात होते. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब पाहा. इंजिन फिरत नसताना तो बाहेरच्या हवेइतकाच असायला हवा: मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, लेहमध्ये ६५ च्या आसपास, तांगलांग लावर ५३-५४. वायुदाबाचा सेन्सर वेगळा असेल तर दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. आकडा फार वेगळा येत असेल तर पाइप आणि फिल्टर सोडा, सेन्सर खोटं बोलतो आहे.

डीपीएफ: पुनरावृत्तीचं सर्वात मोठं कारण

डीपीएफ भरणं हा दोष नाही, तो भरण्यासाठीच असतो. भरला की गाडी स्वतः जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. याला सगळे रिजन म्हणतात. त्यासाठी गाडी सलग वीस-तीस मिनिटं, ५०-६० च्या वेगाने, न थांबता धावायला हवी. पुणे-मुंबई किंवा नाशिक हायवेवर हे तुमच्या नकळत होत राहतं.

मनालीच्या पुढे सगळं गणित उलटं फिरतं. विरळ हवेत डिझेल नीट जळत नाही, त्यामुळे काजळी जास्त होते. रस्ता वेग देत नाही, म्हणून एक्झॉस्ट गरम राहत नाही. काही गाड्यांचा संगणक फार उंचीवर रिजन सुरूच करत नाही. आणि सुरू झालंच, तर आपण ते तोडतो: चहाला थांबलो, गाडी बंद, चेकपोस्टला नोंद करायची, गाडी बंद, फोटोसाठी पुन्हा बंद. अर्धवट तुटलेलं प्रत्येक रिजन काजळी तशीच ठेवतं आणि वरून न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरवतं.

त्यात भर पडते ती गाडी उभी करून चालू ठेवण्याची. सर्चूला किंवा पांगला पहाटे केबिन गरम करायला अर्धा-अर्धा तास इंजिन चालू ठेवणारे खूप आहेत. थंड इंजिन, विरळ हवा आणि शून्य भार असं मिळून डीपीएफ भरायला याच्याइतकी सोपी रीत नाही. थंडी असह्य असते हे मान्य, पण जाडजूड रजई घ्या. पिकअपमध्ये जागेची अडचण नाही.

रिजन चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका. उभ्या गाडीचं आरपीएम नेहमीपेक्षा थोडं वर राहतं, त्या क्षणाचं ॲव्हरेज एकदम घसरतं, गरम धातूसारखा वास येतो आणि बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. या खुणा दिसल्या तर चहा दहा किलोमीटर पुढे ढकला. थांबावंच लागलं तर सुक्या गवतावर गाडी उभी करू नका, खालून जाळ लागण्याइतकी उष्णता असते.

डीपीएफचा दिवा नुसता लागलेला आहे, अजून लिम्प मोड नाही, ही सर्वात मोलाची वेळ. तेव्हा पुढची खिंड चढायची नाही. लेहमध्ये असाल तर कारगिलच्या रस्त्याला लागा आणि निम्मूवरून खाल्त्सीपर्यंत जाऊन या. सिंधूच्या काठाने जाणारा हा रस्ता चांगला आहे, वेग मिळतो, आणि लेहच्या ३,५०० वरून खाल्त्सीला ३,००० च्या आसपास उतरतो. जाताना साधारण ९७ किलोमीटर. एक गिअर कमी ठेवा, आरपीएम २,००० ते २,५०० मध्ये राहू द्या, मध्ये थांबू नका. बहुतेक गाड्यांचा दिवा परतायच्या आत विझतो. मनालीकडून येत असाल तर अटल बोगद्यानंतर सिस्सूपासून जिस्पापर्यंतचा भाग त्यातल्या त्यात बरा, तोही ३,१००-३,२०० मीटरच्या पट्ट्यात आहे. गाडीत रिजनचं बटण असेल तर मॅन्युअल वाचून ते वापरा, पण तेही अशाच खालच्या ठिकाणी, मोकळ्या जागेत.

माझ्या ओळखीतल्या एका ट्रेकिंग गटाच्या कॅम्परची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मागे तंबू, भांडी, गॅस, सगळा संसार. लाचुंग लावर पहिल्यांदा दिवा, मग तांगलांग लाच्या अलीकडे, मग चांग लाच्या पायथ्याला. प्रत्येक वेळी कोड पुसला गेला. कोड पुसल्याने काजळी कमी होत नाही, फक्त संगणकाला तिचा विसर पडतो. खाल्त्सीच्या फेरीनंतर दिवा गेला, पण चार दिवसांनी परत आला. तेव्हा एअर फिल्टर काढून पाहिला तर त्याच्या घड्यांत वाटेवरची धूळ गच्च बसली होती. हवा कमी म्हणून काजळी जास्त, काजळी जास्त म्हणून डीपीएफ लवकर भरतो. नवा फिल्टर बसवल्यावर पुढचा सगळा प्रवास दिव्याशिवाय झाला. म्हणून डीपीएफ साफ करून थांबू नका, तो एवढ्या लवकर का भरला हेही शोधा.

रस्त्यात कुणी तरी हमखास सल्ला देईल की डीपीएफ पोकळ करून टाका, ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करून टाका, कटकट संपेल. तसं करू नका. प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा अशी काढणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, वॉरंटी जाते आणि पीयूसीला अडकता. त्याहून मोठी गोष्ट, काळी काजळी बर्फावर बसली की बर्फ लवकर वितळतो. लेहच्या शेतांना पाणी त्याच बर्फाचं मिळतं. तिथे पाहुणे म्हणून जायचं आणि धूर सोडून यायचं, हे मला पटत नाही.

हवेची वाट

एअर फिल्टर हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. खाली थोडा तुंबलेला फिल्टर चालून जातो. वर हवाच निम्मी असते, तिथे तेवढाच अडथळा दुप्पट जाणवतो. मनालीत फिल्टर काढून बघा, एक नवा सोबत ठेवा. मोरेच्या मैदानात किंवा ग्रांफूहून बातलला जाताना पुढच्या गाडीच्या धुरळ्यात चालू नका, दोनशे मीटर मागे राहा. फिल्टर झटकताना धुळीची बाजू खाली धरून हलकेच आपटा. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच तर आतून बाहेर मारा. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. तेल लावायचे कापडी फिल्टर या रस्त्यावर मला आवडत नाहीत. जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि पी०१०१ सारखा नवाच कोड समोर येतो.

गळती शोधायला डोळे आणि बोटं पुरतात. इंजिन गार झाल्यावर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत प्रत्येक पाइपावरून हात फिरवा. जिथे तेलकट ओल आहे आणि तिच्यावर धूळ चिकटली आहे, तिथून हवा निसटते. चढात जोर लावताना फुस्स असा आवाज येणं आणि मागे काळा धूर निघणं, ही दुसरी खूण. खडबडीत रस्त्यावर होजच्या क्लिपा सैल होतात, त्यामुळे बहुतेक वेळा पाना फिरवला की काम होतं. पाइप चिरला असेल तर ती जागा पुसून कोरडी करा, सेल्फ-फ्यूजिंग सिलिकॉन टेप ताणून गुंडाळा आणि दोन्ही बाजूंना क्लिप लावा. टेप नसेल तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट आवळा. एवढ्यावर लेह गाठता येतं.

डिझेलची वाट

तांदीच्या पंपावरचा फलक प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे टाकी पूर्ण भरली तर रस्त्यात तंबूंमध्ये मिळणारं डब्यातलं डिझेल घ्यायची वेळ येत नाही. घ्यावंच लागलं तर बारीक जाळीच्या नरसाळ्यातून घ्या. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा नट असतो, तो कुठे आहे हे घरीच पाहून ठेवा. सुटा फिल्टर सोबत असावा आणि तो बदलल्यावर हवा कशी काढायची हेही माहीत असावं. काही गाड्यांत हाताने दाबायचा पंप असतो. नसेल तर स्टार्टर न मारता इग्निशन चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपाने हवा ढकलता येते.

रॉकेल मिसळायचा जुना सल्ला आजच्या कॉमन रेल (उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाला लागू करू नका. रॉकेलला वंगण कमी असतं आणि हाय-प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्यांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल आणलं, ते तिथल्या पंपावर भरा. मात्र खालून आणलेलं डिझेल टाकीत शिल्लक ठेवून त्यावर ते भरू नका. ॲडब्लू, म्हणजे एक्झॉस्ट साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव, लागणारी गाडी असेल तर ते उणे ११ ला गोठतं. गाडी त्याने अडत नाही, टाकीतला हीटर ते वितळवतो. पण ॲडब्लू संपलं तर इंजिन पुन्हा चालू होत नाही, म्हणून एक डबा जवळ ठेवा.

उन्हाळ्यातल्या सकाळीही सर्चूसारख्या ४,२९० मीटरवरच्या जागी गाडी चालू व्हायला नखरे करते. ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या तारेचा) वेटोळ्यासारखा दिवा विझेपर्यंत थांबा, इग्निशन बंद करून हेच दोन-तीनदा करा आणि मग क्लच दाबून स्टार्टर मारा. सुरुवातीचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो, काही मिनिटांत जातो. रात्री गाडी उभी करताना बॉनेट पूर्वेकडे ठेवलं तर पहिलं ऊन इंजिनावर पडतं. जमत असेल तर मुक्काम सर्चूऐवजी जिस्पाला करा, गाडी आणि माणसं दोघांची रात्र बरी जाते.

चालवण्याची पद्धत

दोष नसलेली गाडीसुद्धा चुकीच्या गिअरमध्ये बसते. भरलेली पिकअप घेऊन गाटा लूप्सची २१ वळणं चढताना सवयीने तिसरा गिअर राहतो, वळणात आरपीएम पडतं, टर्बो झोपतो आणि मग क्लच अर्धा दाबून गाडी ओढली जाते. दहाव्या वळणापर्यंत क्लचचा जळका वास येतो. वळायच्या आधीच खालचा गिअर टाका, आरपीएम १,८०० च्या खाली जाऊ देऊ नका. कच्चा, सुटा रस्ता असेल आणि चढ उभा असेल तर निःसंकोच फोर-लो (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू गिअर) लावा. वेग कमी होईल, पण इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात राहील आणि क्लच वाचेल. डांबरी रस्त्याच्या आखूड वळणांत मात्र फोर-व्हील लावू नका. पार्ट-टाइम यंत्रणेत पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक गिअरबॉक्सला सोसावा लागतो.

तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि वेग कमी. रेडिएटरचं झाकण उघडायचा मोह आवरा. ५,००० मीटरवर पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाच्या दाबामुळेच ते आत शांत असतं. ९५ अंशांच्या कूलंटवरचं झाकण काढलं की ते त्याच क्षणी उसळून हातातोंडावर येतं.

दिवा लागल्यावर लोक खिंडीच्या माथ्यावरच बॉनेट उघडून बसतात. तसं करू नका. तिथे हवा गाडीला कमी असते तशी तुम्हालाही. तासभर वाकून पाने फिरवले की डोकं दुखायला लागतं आणि चुका होतात. लिम्प मोडमध्येही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालते. मागच्यांना वाट देत माथा ओलांडा, पाचशे-हजार मीटर खाली उतरा आणि मग शोधायला घ्या. तेलाचा दिवा लाल असेल किंवा काटा लाल पट्ट्यात असेल, तरच जिथल्या तिथे थांबा.

उतारावर आणखी एक गोष्ट अनपेक्षित असते: ब्रेकचं पेडल कडक लागतं. ब्रेक बूस्टर बाहेरच्या हवेच्या दाबावर जोर देतो आणि माथ्यावर तो दाबच निम्मा असतो. ब्रेक बिघडलेला नसतो, पाय जास्त लावावा लागतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणाऱ्यांनी इथे तो विचार सोडावा. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक टेकवून ठेवण्याऐवजी दाबा आणि सोडा. घरून निघण्याआधी ब्रेक ऑइल बदला. डॉट-४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, ओलावा शोषलेल्याची मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. मागची ट्रॉली रिकामी असेल तर खडीवर शेपूट सरकते. थोडं वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे, केबिनला टेकवून ठेवा.

लेहच्या मेकॅनिककडे गाडी नेलीत तर "पिकअप मिळत नाही" एवढंच सांगून परत येऊ नका. कोडचे फोटो, उंचीच्या नोंदी, फिल्टर कधी बदलला, रिजन शेवटचं कधी पूर्ण झालं, हे त्याच्यापुढे ठेवा. तिथले बरेच कारागीर हुशार आहेत आणि या गाड्या रोज पाहतात. त्यांना वेळ नसतो, म्हणून कोड पुसणं सोपं पडतं. माहिती हातात दिली की तोच माणूस पाइप सोडून बघतो. स्कॅनरने जबरदस्तीचं रिजन करून घ्यायचं असेल तर तेही गावात, सपाट जागेवर आणि पुरेशा डिझेलवर.

आणि ऑइलची डिपस्टिक रोज सकाळी बघा. पातळी कमी होते का हे आपण पाहतो, इथे ती वाढते का तेही पाहायचं. वरच्या खुणेच्या पुढे गेली आणि वासात डिझेल आलं, तर तुटलेल्या रिजनचं डिझेल ऑइलमध्ये उतरलं आहे. अशा पातळ ऑइलवर पुढची खिंड चढू नका, लेहमध्येच ऑइल बदलून घ्या. मॅन्युअलमध्ये डीपीएफसाठी सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच ऑइल भरा. काजळी जळते, राख जळत नाही. चुकीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची राहते. लेहमध्ये तो ग्रेड मिळेलच असं नाही, म्हणून एका बदलाला पुरेल एवढं ऑइल आणि ऑइल फिल्टर घरूनच मागे टाकून न्या.